साबा भेटला

१ एप्रिल, मंगळवार

यमुना गेली. जपानला. हा शब्द लगेच पुढे लिहिलेला बरा, नाहीतर उद्या ही डायरी तनिषाच्या हाती पडली तर पोरगी पहिल्या वाक्यालाच रडायला लागेल.

हीथ्रोला सोडून आत्ताच स्टॅनमोरला परत आलो. सुनेत्रा मेडनहेडहून आधीच येऊन उभी होती, पाठीवर सॅक, पायात शाळकरी मुलांसारखे बूट. ही यमुनाची मैत्रीण. नवरा वारल्यापासून जगभर हिंडते आणि जिथे जाईल तिथलं खाते. आता दोघी अडीच आठवडे जपानभर फिरून गावोगावचं खाणार आहेत. देवळं बघू, बागा बघू असं असतं तर मी समजू शकलो असतो. पण यांच्या कार्यक्रमात प्रत्येक गावापुढे तिथे काय खायचं तेवढंच लिहिलंय.

यमुनाने मलाही चला म्हटलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. मी म्हटलं, तिथे वरणभात मिळणार आहे का? त्या लोकांच्या आमटीच्या पाण्यालासुद्धा माशाचा वास. तर म्हणाली, "बघा हं, मग मी सुनेत्राबरोबर जाईन." मी म्हटलं, जा. नवरा जा म्हणतो तेव्हा त्याला जा म्हणायचं नसतं, हे लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर तरी कळायला हवं.

आत जाताना तिने वळून हात केला. मग सुनेत्रा कानात काहीतरी बोलली आणि यमुना हसली. चांगली खळखळून हसली. सिक्युरिटीच्या रांगेत एवढं हसण्यासारखं काय असतं ते मला माहीत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

फ्रीजरमध्ये डबे रचून ठेवलेत. वरण, पिठल्याच्या वड्या, भरली वांगी, पोळ्यांच्या चळती. प्रत्येकावर चिठ्ठी. आज वरण गरम केलं. चांगलं होतं. पण एकट्याने जेवायला बसलं की चमच्याचा आवाज फार होतो.

तिचे फोटो आले. पिवळ्या भिंतीचं दुकान, तांदळाच्या पिठाची मऊ पांढरी वडी, आत गोड सारण. खाली लिहिलंय, "अगदी आपला मोदक, फक्त कळ्या पाडायच्या राहिल्यात." मी उत्तर दिलं, "कळ्याच नाहीत तर मोदक कसला?" तिने हसरा चेहरा पाठवला. एकच. सुनेत्राने ग्रुपवर टाकलेल्या फोटोखाली तीन होते.

५ एप्रिल, शनिवार

आज मासळीबाजाराचा फोटो आला. बर्फावर माशांच्या रांगा आणि मध्ये यमुना, दोन्ही हात छातीशी धरून. मला तिची कीव आली. सुनेत्राच्या नादाने उगाच नको त्या वासात उभी राहिली असणार.

यमुना मूळची रत्नागिरीची, मिऱ्या बंदराजवळची. तिच्या माहेरी ताटात मासा नसेल तर जेवण झालं असं धरतच नसत. पण लग्न होऊन आमच्या पुण्याच्या घरात आली आणि सोडलं. कोणी सोडायला सांगितलं नव्हतं. आई फक्त म्हणाली होती, "आमच्या ओट्यावर ते येत नाही हो," आणि तेही हसून. पुढे आम्ही इंग्लंडला आलो, मागोमाग आईही इथे राहायला आली. आई जाऊनसुद्धा आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत यमुनाने माशाचं नाव काढलं नाही. मुळात तिला फारसं आवडतच नसणार. आवडत असेल तर माणूस असा गप्प बसतो का?

फोटोच्या कडेला एक निळी बाही दिसते. माणूस दिसत नाही, नुसती बाही. यमुनाच्या खांद्याच्या फार जवळ आहे.

६ एप्रिल, रविवार

ईस्टरच्या सुटीआधीचा मराठी शाळेचा शेवटचा वर्ग. कौन्सिलच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी हा वर्ग घेतो. आज मिळणे आणि भेटणे. माणूस भेटतो, वस्तू मिळते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. आजकाल सगळे सर्रास "भाजी भेटली", "पार्किंग भेटली" म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ईशिताने हात वर केला. "सर, मला पार्कमध्ये dog भेटली. ती living आहे. So भेटली की मिळाली?"

"भेटला," मी म्हटलं. "कुत्रा भेटला."

"पण तो माणूस नाहीये."

वर्ग हसला. मी म्हटलं, ज्याला आपण ओळखतो आणि जो आपल्याला ओळखतो, तो भेटतो. बाकी सगळं मिळतं. हे मी जागच्या जागी रचलं, पण वाईट नाही.

यमुनाही लग्नानंतर असंच बोलायची. "बस भेटली नाही," "कोथिंबीर भेटली." मी एकदोनदा हसून सुधारलं आणि महिनाभरात तिची जीभ वळली. त्यानंतर माझ्यासमोर ती एकदाही चुकलेली नाही. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तीच पहिली आणि तीच उत्तम.

८ एप्रिल, मंगळवार

हे आत्ताच लिहून ठेवतो.

सकाळी चहा घेत होतो. तिचा मेसेज आला. मला आला, पण मला नव्हता. तिच्या धाकट्या बहिणीला, रत्नागिरीच्या नीनाला होता. चुकून माझ्यावर पडला. शब्द न शब्द पाठ झालाय:

"नीने, शेवटी साबा भेटला गं. इतक्या वर्षांनी. तसाच आहे अगदी, मिऱ्याला असायचा तसाच. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. यांना कळू देऊ नकोस."

मी दुसऱ्यांदा वाचत होतो तोच तो नाहीसा झाला. त्या जागी एक ओळ उरली, की हा मेसेज पुसला आहे. दोन मिनिटांनी एका मंदिराचा फोटो आला. "आज फुकुईत आहोत. हवा छान आहे. तुम्ही जेवलात का?"

मी लिहिलं, "हो." जेवलो नव्हतो.

भेटला. मिळाला नव्हे, भेटला. दुसरी कोणी असती तर मी शंकेचा फायदा दिला असता. पण यमुनाचं व्याकरण मी स्वतः घडवलंय. ती भेटला लिहिते तेव्हा तो माणूसच असतो.

९ एप्रिल, बुधवार

साबा. पुण्यात आमच्या वेळी सा. बां. म्हणजे सार्वजनिक बांधकाम खातं. तेवढा एकच साबा मला माहीत.

सकाळभर विचार केला. सबनीस असेल. सदाशिव बाळकृष्ण वगैरे असेल. मिऱ्याला असायचा म्हणजे बंदरावरचा कोणीतरी. बोटीवर चढून जपानला गेला आणि तिथेच राहिला. आता तिथे बंगला असेल, गाडी असेल. दर्यावर वाढलेला, म्हणजे अंगापिंडाने मजबूत. मी पुण्याचा, हिवाळ्यात कानाला मफलर बांधणारा.

आणि "तसाच आहे अगदी". चौसष्टाव्या वर्षी माझ्याबद्दल हे कोणी म्हणणार नाही. माझे लग्नातले फोटो काढून पाहिले. मी तसा नाहीच. हॉलमधल्या आरशात पाहिलं तर पोट आधी दिसलं.

मला मत्सर वाटतोय. डायरीत खोटं कशाला लिहू? वर भरल्या वांग्याचं पित्त झालंय.

१० एप्रिल, गुरुवार

तनिषाला फोन केला. ती मँचेस्टरला असते, हॉस्पिटलच्या आयटीत. ट्रॅममध्ये होती, मागे घोषणा चालल्या होत्या. मी सहज विचारावं तसं विचारलं, "आईचे फोटो येतात का तुला?"

"रोज येतात, बाबा. साबाची पण आली ना! Amazing होती."

मी खुर्चीत बसलो. "साबाचा फोटो तुला पाठवला?"

"हो! Skin बघितलास का? इतकी shiny! And so fresh. आई literally रडत होती त्याला बघून."

"त्याला," मी म्हटलं.

"हां, त्याला, तिला, whatever. Wait. तुला सांगितलं का तिने? Oh no. बाबा, तू काही बोलू नको हं तिला. ती म्हणाली तुला वाईट वाटेल. मी तर म्हटलं की बाबा will be fine, it's 2025."

"2025 असलं म्हणून काय झालं?"

"म्हणजे आईला पण थोडी life enjoy करू दे ना. सॉरी, माझा stop आला. Love you."

तर पोटच्या पोरीलाही ठाऊक आहे, आणि तिची ना नाही. वर त्याच्या कातडीचं कौतुक! मी बाथरूममध्ये जाऊन यमुनाचं क्रीम शोधलं आणि गालांना चोळलं. दोन तास गुलाबाचा वास येत होता. चकाकी काही आली नाही.

१२ एप्रिल, शनिवार

सकाळी व्हिडिओ कॉल. तिथे संध्याकाळ. मात्सुयामा नावाच्या गावात आहेत, मागे कंदील लावलेलं हॉटेल. यमुना छान दिसत होती, हेच मला खटकलं. गाल वर आले होते. घरी असताना ती सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं वाढून घेते आणि भूक नाही म्हणते. तिथे जाऊन भूक लागायला लागली वाटतं.

"काय खाल्लंस?" मी विचारलं.

"असंच. भात," ती म्हणाली आणि खाली बघितलं.

तेवढ्यात मागून सुनेत्राचा आवाज. "यमुना, ये लवकर! ताई संपेल गं!"

"कोण ताई?"

"कोणी नाही. इथली... तुम्ही जेवून घ्या हं वेळेवर. ठेवते."

ताई संपेल! साबाची बहीण असणार, आणि बहुधा अत्यवस्थ. म्हणजे प्रकरण घरच्यांपर्यंत गेलंय. मरणाऱ्या बहिणीच्या उशाशी माझी बायको. मला तर यमुनाने आपल्या माहेरच्या कोणाच्या उशाशी कधी नेलं नाही. म्हणजे मीच गेलो नाही, पण ते वेगळं.

बाईचं बरं व्हावं असंही वाटलं. मी काही राक्षस नाही.

१३ एप्रिल, रविवार

आज वर्ग नव्हता. ट्रेनने लंडनमध्ये गेलो आणि एका जपानी दुकानात शिरलो. हेतू एवढाच, की तिकडे असं काय लागून गेलंय ते बघावं. ती खाते तर मीही खाईन. कोणावाचून कोणाचं अडत नाही.

गोल, सोनेरी, तांदळाच्या पापडासारखी बिस्किटं घेतली. घरी येईपर्यंत दम निघाला नाही, ट्रेनमध्येच पुडा फोडला. खमंग, किंचित गोडसर, आणि मागून कसलीतरी खोल, धुरकट चव येते, जिला मराठीत शब्द नाही. स्टॅनमोर यायच्या आत पुडा संपला. मग चष्मा लावून मागचं बारीक इंग्रजी वाचलं. त्यात सुक्या माशाचा अर्क होता.

उतरल्यावर फलाटावरच चूळ भरली. घरी येऊन आईच्या फोटोकडे बघायची हिंमत झाली नाही. पण बिस्किटं चांगली होती. हे इथेच लिहितो, इतरत्र कुठे बोलणार नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आता कहर झाला.

आज बेप्पूत आहेत. तिथे जमिनीतून उकळतं पाणी येतं आणि लोक त्या वाफेवर अंडी, रताळी शिजवतात. रताळ्याचा फोटो मला पाठवला. मला नेहमी रताळ्यांचेच फोटो येतात. फोनवर सुनेत्राच जास्त बोलत होती. शेवटी म्हणाली, "भावजी, आता पळतो. आज रात्री आजी आहे, खास यमुनासाठी सांगून ठेवलीय."

"आजी?"

"हो! इथली आजी फार famous आहे."

मागे यमुना तिला दटावत होती, "अगं, सुनेत्रा!"

आधी तो भेटला. मग ताई. आता आजी. म्हणजे आशीर्वाद घेण्यापर्यंत आलं. आजी जिवंत असेल तर शंभरीच्या पुढची हवी. पण जपानात माणसं जगतात म्हणे तेवढी.

मी काय चुकलो ते मला कळत नाही. मी कधी आवाज चढवला नाही. तिला गाडी शिकवली, भाषा नीट केली. तिने केलेलं मुकाट्याने जेवलो, नावं ठेवली नाहीत. काय हवं होतं ते बोलली असती तर आणून दिलं असतं. पण ती बोललीच नाही. आणि ज्याच्यापाशी बोलली तो फुकुईत बसलाय.

फ्रीजरमध्ये आता शेवटचे दोन डबे आहेत. ते मी काढत नाही. ती परत आली नाही तर तिच्या हातचं तेवढंच राहील.

१७ एप्रिल, गुरुवार

केस कापून आलो. न्हाव्याने विचारलं, मिशीला रंग लावू का. लाव म्हटलं. फार काळा झाला. चोर दिसतो.

उद्या ती येणार. येणार असं तिने लिहिलंय तरी. नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. निळा आहे. मुद्दामच निळा काढला.

१८ एप्रिल, शुक्रवार

झालं ते क्रमाने लिहितो.

ती आली. सामानाच्या गाड्यावर तीन बॅगा, जाताना एक होती. माझ्याकडे बघून आधी दचकली, मिशीमुळे. सुनेत्रा मला बघून जोरात "भावजी, काय हँडसम!" म्हणाली आणि मेडनहेडच्या बसला पळाली. जाताना अंगात रेनकोट चढवला. निळा. बाही ओळखीची होती. एक काटा निघाला, पण मोठा होता तसाच रुतलेला.

कारपार्कमध्ये गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही. ठरवून ठेवलेलं वाक्य म्हटलं.

"साबा आला होता का सोडायला?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"तनिषाने सांगितलं ना?"

"कोणी का सांगेना. कधीपासून चाललंय?"

"तिथेच फक्त हो. जपानात. इथे कधीच नाही, देवाशपथ."

"आणि लग्नाआधी?"

"लग्नाआधी काय, रोजच."

"रोज?"

"पावसाळा सोडून."

मला पावसाळ्याचा संबंध लागेना, पण तिथे थांबलो असतो तर धीर सुटला असता. "घरी माहीत होतं?"

"म्हणजे काय? आईच घेऊन यायची."

"तुझी आई? स्वतः?"

"मग? बंदरावरून टोपलीतून आणायची. मागच्या दारात बसून कापायची, हळद-मीठ लावून..."

मागे एक गाडी आमच्या जागेसाठी थांबली होती, तिने हॉर्न दिला.

"कापायची?" मी म्हटलं.

"अहो, न कापता कसा तळणार?"

"साबा म्हणजे..."

"बांगडा हो. बांगड्याचा तिथला भाऊबंद. नीनानेच शोधून सांगितलं होतं, तिकडे त्याला साबा म्हणतात."

"आणि ताई?"

"तोही मासाच. लालसर, मोठा. भातात घालतात."

"आजी?"

"तीसुद्धा." ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. माझी मिशी, माझा निळा शर्ट. "तुम्हाला काय वाटलं?"

मी मिशीवर हात ठेवला. तिला कळलं. आधी तोंडावर हात गेला, मग डॅशबोर्डवर डोकं टेकवून ती अशी हसली, की मागचा हॉर्नवालाही वाकून बघायला लागला. डोळे पुसून म्हणाली, "पुरुष? या वयात?"

"भेटला लिहिलं होतंस. मिळाला लिहिलं नव्हतंस."

"नीनाला लिहिलं होतं ते. नीनाशी मी भेटलाच म्हणते."

"अजून?"

"अजून म्हणजे? कायमच. तुमच्यासमोर मिळतो. तुम्ही नसलात की भेटतो." मग हसणं थांबलं. "पुरुष असता तर निदान खोटं आहे म्हणून सांगता आलं असतं. हे तर खरंच होतं. मला वाटलं, माशावरून तुम्ही आता घरात घेताय की नाही. विमानात जेवणसुद्धा गेलं नाही मला."

"वेडी आहेस का? तुझंच घर आहे."

"घर माझं आहे हो," ती म्हणाली. "ओटा आईंचा आहे."

मी गाडी सुरू केली. हॅरो आलं. सिग्नलला ती आपणहून सांगायला लागली. फुकुईत एका म्हातारीने अख्खा साबा काठीला लावून निखाऱ्यावर भाजला होता. कातडी तडतडत होती. सुनेत्रा चॉपस्टिक्स शोधत बसली आणि यमुनाने सरळ हातानेच सुरुवात केली. काटे कसे काढायचे ते बोटांना आपोआप आठवलं म्हणे. हे सांगताना ती रस्त्याकडे बघत होती आणि बोटं मांडीवर हलत होती. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणाला सांगताना तिची बोटं हललेली मी पाहिलेली नाहीत.

माणूस नाही कळल्यावर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं, पुढच्या सिग्नलपर्यंत टिकलं. मग पुन्हा जळायला लागलो. माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

१९ एप्रिल, शनिवार

ती झोपलीय, तिथली रात्र अजून डोळ्यांवर आहे. मी बॅगा उघडून सामान काढलं. एकीत तिचे कपडे. उरलेल्या दोन्ही भरून माझा खाऊ. प्रत्येक गावचा वेगळा. तीळ लावलेल्या वड्या, पानाच्या आकाराची केकसारखी बिस्किटं, दालचिनीचा वास येणाऱ्या पातळ घड्या, भाजलेल्या चहाच्या पावडरीची मिठाई. प्रत्येक पुड्यावर चिकटपट्टी आणि तिच्या अक्षरात "मासा नाही. विचारलंय."

प्रत्येक दुकानात विचारत फिरली असणार. जपानी येत नाही तिला. मासा नाही, हे हातवाऱ्यांनी कसं विचारलं असेल?

मी एक वडी खाल्ली. मग त्या गोल सोनेरी बिस्किटांचा पुडा दिसतो का ते बघितलं. नव्हता. त्यात मासा असतो ना.

२६ एप्रिल, शनिवार

आठवडाभर घर पूर्वीसारखं चालू आहे. ती भाजी निवडते, मी पेपर वाचतो. बुधवारी दुकानातून आली आणि सहज म्हणाली, "मेथी मिळाली आज, छान ताजी." मी पेपरच्या आडून ऐकलं. बरोबर बोलली, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्यापाशी अजून मिळालीच. नीनाला फोनवर मेथी भेटली असेल.

आज बँकेत जातो म्हणून बाहेर पडलो. बँक शनिवारी दुपारी बंद असते हे तिच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल. हॅरोच्या बाजारातल्या माशाच्या दुकानासमोरून मी इतकी वर्षं श्वास धरून जातो. आज आत गेलो. श्वास किती वेळ धरणार, शेवटी घेतला. वाटला होता तेवढा वाईट नाही. मिऱ्याला एकदा गेलो होतो, तिचे वडील गेले तेव्हा, तिथे असाच होता.

दुकानदार विचारायला लागला, कुठला देऊ, साफ करून देऊ का, डोकं ठेवू का. मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. रांगेत मागे माणसं. शेवटी तिला फोन लावला.

"कुठे आहात? बँकेत एवढा वेळ?"

"यमुना, बांगडा भेटला."

मला वाटलं फोन कटला. मग तिने घसा खाकरला.

"मिळाला," ती म्हणाली. माझाच वर्गातला आवाज काढून. "वस्तू मिळते."

"नाही. भेटला. आम्ही समोरासमोर आहोत."

नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झालीय तिला, विमानातली.

"मी खाणार नाही," मी म्हटलं. "ते आधीच सांगतो. पण आईच्या ओट्यावर तळायचा. खिडकी उघडू."

"अहो, ऐका," ती म्हणाली, आणि आवाज एकदम कामाचा झाला, मी कधी न ऐकलेला. रत्नागिरीचा. "घाई करू नका. फसवतात. आधी डोळे बघा त्याचे. डोळे लखलखीत पाहिजेत."

मी चष्मा लावला आणि बर्फावर वाकलो. मेला माझ्याकडेच बघत होता.